बरोबरची दोन चिन्हं

संयोगिता इंगवले आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं सहायक होती. कागदावर मात्र ती अकरा वर्षं कधीच नव्हती. दर जूनला तिच्या नावाचा नवा आदेश निघायचा, एप्रिलअखेर संपायचा, आणि मे महिन्यात ती संस्थेची कुणीच नसायची. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर संगणक शिकवतो. माझी नोकरी कायम आहे.

ती बिद्रीकडची. वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. बी.एस्सी. झाल्यावर लग्न होऊन फुलेवाडीत आली. नवरा पृथ्वीराज शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला, पदरी एक मुलगी. सकाळी सातला केएमटीच्या बसनं यायची आणि पोरं येण्याआधी सगळी टेबलं पुसून, ब्युरेट धुऊन, बाटल्या ओळीनं लावून ठेवायची. फार बोलायची नाही. पण कुणी 'अंदाजे दहा मिली' म्हटलं की वळून बघायची.

एका वर्षी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी क्षारांची यादी गहाळ झाली. बावीस बाटल्या, वर नुसते आकडे, कशात काय आहे ते कुणालाच माहीत नाही. बाहेरून आलेले परीक्षक प्राचार्यांवर डाफरत होते. संयोगितानं दार लोटून घेतलं आणि जेवायलाही न उठता दुपारभर एकेक क्षार तपासला. चार वाजता तिनं बावीस नावांची यादी परीक्षकांच्या हातात दिली. त्यांनी त्यांतल्या पाच बाटल्या आमच्या प्राध्यापकांकडून पुन्हा तपासून घेतल्या. पाचही बरोबर निघाल्या. त्या वर्षीच्या अहवालात प्राध्यापकांचे आभार मानले होते. तिचं नाव नव्हतं, कारण सहायकांची नावं लिहायचा रकानाच नव्हता.

संस्थेनं प्रयोगशाळा सहायकांची कायम भरती काढली ती त्यानंतर सात वर्षांनी, २०२२च्या पावसाळ्यात. जिल्हाभरच्या शाळा-कॉलेजांत मिळून एक्केचाळीस जागा. वयाची अट पस्तीस, आणि संयोगिता चौतीस वर्षं आठ महिन्यांची. अर्ज ऑनलाइन होता. रंकाळ्याजवळच्या एका नेट कॅफेत बसून तिनं तो स्वतः भरला, छापील प्रत काढली आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवली. तीन महिने पहाटे उठून अभ्यास केला. डिसेंबरातल्या एका रविवारी पेपर झाला. दोनशेपैकी एकशे चौसष्ट गुण आले आणि गुणानुक्रमे ती नववी आली. नऊ हजारांवर अर्ज होते.

त्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही सगळ्यांनी पेढे मागितले. आदेश हातात पडू दे, मग आणते, म्हणाली. हसत मात्र होती. तिचे दात इतके पांढरेशुभ्र आहेत हे मला तेव्हा कळलं.

फेब्रुवारीत पात्र उमेदवारांची यादी लागली. नवव्या जागी दुसरंच नाव होतं. तिचं नाव शेवटच्या पानावर, वेगळ्या चौकटीत. शेरा होता: अपात्र, एकाच उमेदवाराचे दोन अर्ज. आठवड्यानं पोस्टानं पत्र आलं. दोन अर्जांवर दोन वेगळी छायाचित्रं आढळल्यानं तोतया उमेदवार बसवल्याचा संशय नोंदवला जात आहे, आणि संस्थेच्या कोणत्याही भरतीत भाग घेण्यास तीन वर्षांची बंदी घालण्यात येत आहे.

पृथ्वीराजनं पत्र दोनदा वाचलं. मग जेवताना त्यानं तिला विचारलं, "खरं सांग, भीतीपोटी दुसरा अर्ज भरलातास का?" त्यानं रागानं विचारलं नव्हतं. हे तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. रागानं विचारलं असतं तर भांडता आलं असतं, म्हणाली.

संस्थेच्या मुख्य कार्यालयात भरतीचं काम अमरसिंह देसाई नावाचे अधीक्षक बघायचे. संयोगिता तिथं तीन दिवस सलग गेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला आत घेतलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला. डावीकडं तिचा अर्ज, उजवीकडं दुसऱ्या बाईचा: अंजना मगदूम, राहणार हातकणंगले. देसाईंनी तिला पद्धत समजावली. उमेदवाराचं नाव, जन्मतारीख आणि आधार क्रमांक यांवरून यंत्र स्वतः एक क्रमांक काढतं. माणूस तोच असेल तर क्रमांक तोच निघतो. म्हणून एकच क्रमांक दोनदा आला, की माणूस एकच.

तिनं पडद्यावरचे क्रमांक वाचले. तिचा 0E531702 आणि त्या बाईचा 0E918846.

"साहेब, नावं वेगळी, आकडं बी वेगळं हाईत की," ती म्हणाली.

"वरवर वेगळे दिसतात," देसाई म्हणाले. "आतून एकच आहेत असं सिस्टीम सांगतीया."

ते थट्टा करत नव्हते. पुण्याच्या ज्या कंपनीनं ही सगळी यंत्रणा करून दिली होती, तिनं त्यांना तसं लेखी कळवलं होतं. पुण्याहून आलेल्या लेखी कागदावर बोट ठेवायची देसाईंची छाती नव्हती आणि तशी गरजही त्यांना वाटत नव्हती.

संयोगितानं त्या बाईचं नाव-गाव लक्षात ठेवलं आणि पुढच्या रविवारी एसटीनं हातकणंगल्याला गेली. पोटात राग होता. या बाईनं आपल्या कागदांवर काहीतरी केलं असणार, अशी तिची खात्री झाली होती. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन ठिकाणी विचारून घर सापडलं. दार उघडलं ते एकोणतीस-तीस वर्षांच्या, कडेवर मूल घेतलेल्या बाईनं. संयोगितानं आपलं नाव सांगितलं. ते नाव अंजनानंही देसाईंच्या पडद्यावर वाचलेलं होतं. तिनं मूल खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हंजे तुमीच व्हय ती? माझ्या नावावर तुमी बसलासा?"

दोघींनी उंबऱ्यावरच एकमेकींना नाही नाही ते ऐकवलं. शेजारच्या बायका गोळा झाल्या. मग अंजनाच्या सासूनं दोघींना आत बसवून पाणी दिलं. अंजना आत जाऊन आपलं पत्र घेऊन आली. तोच मजकूर, तोच शेरा, तीच तीन वर्षांची बंदी. तिला एकशे एकावन्न गुण होते, म्हणजे तिचीही जागा नक्की होती. तिचा नवरा कबनूरला यंत्रमागावर. तिच्या नोकरीवर घरात सगळ्यांचा डोळा होता.

"पेपर कुठं दिलातासा?" संयोगितानं विचारलं.

"इचलकरंजीला. दहा ते बारा."

"मी कोल्हापुरात. दहा ते बारा."

एकच बाई एकाच वेळी दोन गावांत पेपर कसा लिहील? एवढं सांगितलं की सुटलो, असं दोघींना वाटलं. सोमवारी दोघी मिळून देसाईंसमोर उभ्या राहिल्या. आम्ही बघा, दोन आहोत, असं म्हणाल्या. देसाईंनी दोघींकडं नीट बघितलं. मग म्हणाले, तोतया म्हणतात ते यालाच. एकीनंच दोन नावांनी अर्ज भरायचे, दोन केंद्रांवर दोघींनी बसायचं, ज्या पेपराला जास्त गुण पडतील तो ठेवायचा. तुम्ही एकमेकींना ओळखता हे तर आता मीच डोळ्यांनी बघितलं. आणि त्यांनी तशी टिप्पणी फाइलला लावली.

त्यानंतर ती माझ्याकडं आली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा वरच्या मजल्यावर आली असावी. दोन्ही अर्जांच्या प्रती टेबलावर ठेवून तिनं विचारलं, सर, हे दोन आकडे यंत्राला एक का वाटतात?

मलाही आधी कळलं नाही. मग 'ई' या अक्षरावर नजर अडली. ही यंत्रणा संगणकाच्या ज्या भाषेत लिहिली होती ती मी पंधरा वर्षं शिकवतो आहे. मी माझ्या वर्गातला संगणक सुरू केला, दोन्ही क्रमांक जसेच्या तसे टाकले, मध्ये बरोबरची दोन चिन्हं घातली आणि यंत्राला विचारलं, हे समान आहेत का? उत्तर आलं, होय.

मी तिला कागदावर समजावलं. आकड्यांमध्ये 'ई' आला, की यंत्र त्याचा अर्थ 'पुढं इतकी शून्यं' असा घेतं. 2E3 म्हणजे दोनावर तीन शून्यं, दोन हजार. तुझा क्रमांक म्हणजे शून्यावर पाच लाख एकतीस हजार सातशे दोन शून्यं. अंजनाचा म्हणजे शून्यावर नऊ लाख अठरा हजार आठशे शेहेचाळीस शून्यं. शून्यावर कितीही शून्यं दिली तरी शून्यच. खरं तर हे आकडे नव्हेत, ही नावं आहेत, नावासारखीच अक्षरं म्हणून ती ताडून बघायला हवीत. पण बरोबरची दोन चिन्हं लिहिली, की यंत्र ढिलं होतं. दोन्ही बाजू आकड्यासारख्या दिसल्या तर कुणाला न विचारता त्यांचे आकडे करतं आणि मग तुलना करतं. तिसरं चिन्ह घातलं असतं तर हे झालं नसतं. तीन चिन्हं असली की जे जसं आहे तसंच ताडायचं, असा त्याचा अर्थ.

"म्हंजे तेनं आमास्नी दोघींस्नी शून्य धरलं," संयोगिता म्हणाली.

मी हो म्हणालो. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, मी तिच्यासमोर हिशेब मांडला. आठ अक्षरांचे असे नऊ हजार क्रमांक काढले, तर शून्य आणि ई यांनी सुरू होणारे आणि पुढं नुसते आकडे असलेले साधारण दोनच निघतात. म्हणजे नशीब वाईट वगैरे काही नव्हतं. त्या यादीत दोन माणसं मरणारच होती. ती कोण, एवढाच प्रश्न होता.

तिसरं चिन्ह त्या कंपनीच्या पोरानं का लिहिलं नाही, असं तिनं विचारलं. शिकवलं नसेल कुणी, असं मी म्हणालो. मी स्वतः ते कधी वर्गात शिकवलेलं नव्हतं. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही.

संस्थेच्या सचिवांपुढं सुनावणी ठरली एप्रिलमध्ये. संयोगितानं मला सगळं लेखी करून मागितलं. मी दीड पानात लिहिलं, आठवीतल्या पोरालाही कळेल असं. छापायच्या आधी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या कानावर गेलं होतं. ते गोड बोलले. तुम्ही संगणकाचे, लोक तुम्हाला विचारणार, सांगा की, पण तोंडी सांगा. संस्थेविरुद्धच्या प्रकरणात संस्थेच्याच माणसाची सही नको. तुमची वरिष्ठ श्रेणीची फाइलही आता वर गेलेली आहे.

मी कागद छापला आणि सही न करता तिला दिला. तिनं दोन्ही पानं उलटून बघितली.

"सर, खाली नाव राहिलंय."

"असू दे तसंच," मी म्हणालो. "मजकूर महत्त्वाचा."

तिनं माझ्याकडं बघितलं, कागद पाकिटात घातला आणि गेली.

सुनावणीत काय झालं ते मला अंजनानं सांगितलं. कंपनीकडून राजवर्धन नावाचा एक तरुण अधिकारी आला होता, लॅपटॉप घेऊन. त्यानं भिंतीवर पडदा लावला आणि यादीतले कुठलेही क्रमांक घेऊन दहा जोड्या तपासून दाखवल्या. दहाही वेळा यंत्रानं 'वेगळे' असं बरोबर उत्तर दिलं. सचिव मान हलवत होते. संयोगिता उठून म्हणाली, आमचे दोन नंबर टाका की. राजवर्धन नम्रपणे म्हणाला की चौकशीतल्या नोंदी नियमानुसार बंद असतात, त्यांना हात लावता येत नाही. तिनं सांगितलं, नोंदींना हात लावू नका, नुसते आकडे टाइप करा. त्यानं सचिवांकडं बघितलं. सचिव म्हणाले, बाई, खाली बसा.

मग तिनं माझा कागद पुढं केला. सचिवांनी तो वाचला. नीट वाचला, असं अंजना म्हणते. मध्ये एकदा थांबून राजवर्धनकडं बघितलंही. राजवर्धनचा चेहरा उतरला होता. बहुधा त्याला पहिल्या परिच्छेदातच कळलं असावं. पण सचिवांनी कागद उलटला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

अंजना माझं नाव घेणार होती. संयोगितानं टेबलाखाली तिचा हात दाबला.

"ओळखीतल्या माणसानं," ती म्हणाली.

"नाव न्हाय म्हंजे कागद न्हाय," सचिव म्हणाले आणि तो बाजूला ठेवला. बंदी कायम राहिली.

संध्याकाळी ती कॉलेजवर आली. मी वर्ग बंद करत होतो. ती माझ्यावर ओरडेल, असं मला वाटलं. पण तिनं एवढंच सांगितलं, "तुमचं नाव न्हाय घेतलं, सर." मला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली. हा क्रम मी विसरलेलो नाही.

जूनमध्ये तिचा कंत्राटी आदेश निघाला नाही. बंदी असलेल्या व्यक्तीला संस्थेच्या आवारात काम देता येत नाही, असं कळवलं गेलं. तिची चपला ठेवायची जागा, तिचा चहाचा कप, भिंतीवरचं तिनं हातानं लिहिलेलं आम्लांबद्दलच्या सूचनांचं पान, सगळं महिनाभर तसंच होतं. मग नव्या मुलीनं भिंत साफ केली. फुलेवाडीत बायका संयोगिताला 'डुप्लिकेट मॅडम' म्हणू लागल्या होत्या. त्यांना नक्की काय झालंय ते माहीत नव्हतं. परीक्षेत काहीतरी लबाडी केली, एवढं माहीत होतं. मुलीला शाळेत कुणीतरी विचारलं. त्यानंतर संयोगितानं माहेरच्या गावी जायचं ठरवलं. पृथ्वीराज फुलेवाडीतच राहिला, शनिवारी जातो-येतो. आमच्यात भांडण नाही, असं दोघंही सांगतात.

गावच्या दूध संस्थेत तिला काम मिळालं. सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या दुधाचं फॅट काढायचं. यंत्र असतंच, ती फक्त नमुना ओतते आणि पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचते. मी एकदा तिथं गेलो होतो. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं आकड्यावरून कुरकुर केली, तेव्हा ती म्हणाली, मशीन जे दावतंय ते मी सांगतोय, आबा, माझ्या हातात काय न्हाय. मी पुढं न होता तसाच परत फिरलो.

ऑगस्ट २०२४मध्ये बंदी उठवल्याचं पत्र निघालं. एकच वाक्य होतं: तांत्रिक कारणास्तव पूर्वीचा निर्णय मागे घेण्यात येत आहे. देसाई मला बाजारात भेटले, तेव्हा खरं काय ते त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या संस्थेच्या भरतीत त्याच कंपनीच्या यंत्रणेनं असेच दोन उमेदवार एक ठरवले होते. त्यातला एक कुणा वजनदार माणसाचा भाचा. आठ दिवसांत कंपनीनं दुरुस्ती केली आणि जिथं जिथं यंत्रणा दिली होती तिथं कळवलं. किती काम होतं त्यात, मी विचारलं. देसाई म्हणाले, म्हणे एक चिन्ह वाढवलं फक्त.

संयोगिता तेव्हा छत्तीस वर्षांची झाली होती. वयात सूट मिळावी म्हणून तिनं अर्ज केला. नियमात तशी तरतूद नाही, असं उत्तर आलं. या अर्जासोबत मी पत्र दिलं होतं, माझ्या सहीचं, हुद्द्यासह. तोवर माझी वरिष्ठ श्रेणी मंजूर होऊन गेली होती. ते पत्र कुणी वाचलं की नाही, मला माहीत नाही.

अंजना वयात बसत होती. पुढच्या भरतीत तिनं पुन्हा परीक्षा दिली, पास झाली, आणि गेल्या जूनमध्ये तिला नेमणूक मिळाली ती आमच्याच कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. पहिल्या दिवशी मी तिला भेटायला खाली गेलो, तर ती दारातच उभी होती, बराच वेळ आत आली नाही. मग तिनं संयोगिताला फोन लावला.

"अक्का, मला हितंच दिल्यात. मी काय करू?"

संयोगिता काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. अंजना फोन कानाला लावून टेबलामागून टेबल फिरत गेली आणि कपाटं उघडत राहिली. कुठला नळ गळतो, कुठल्या कपाटाचं दार वर उचलून लावायचं, कुठलं द्रावण दर पंधरवड्याला नव्यानं करायचं, सगळं तिकडून संयोगिता सांगत होती, असं अंजनानं मागाहून सांगितलं. असा पाऊण तास गेला. पुढचे पंधरा दिवस रोज तिचा फोन जायचा आणि रोज संयोगिता उत्तर द्यायची. मग एक दिवस तिनं फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अंजना मला म्हणाली, सर, तुम्ही लावून बघा.

मी लावला. वाजत राहिला. अजून अधूनमधून लावतो.